समुद्र वजा केल्यावर

सॅमन म्हटले की डोळ्यांसमोर येणारे चित्र ठरलेले असते. समुद्रात पोसलेला, अंगापिंडाने भरलेला चंदेरी मासा नदीच्या धबधब्यावर उडी घेतो आहे आणि कित्येक मैल उलटे पोहत आपल्या जन्मस्थानी निघाला आहे. माझ्याही मनात अनेक वर्षे हेच चित्र होते, आणि त्या कथेचा नायक मला समुद्रच वाटत असे. नदी ही बाळंतपणाची जागा आणि समुद्र हे खरे कार्यक्षेत्र, ही वाटणी मी कधी तपासून पाहिली नव्हती. मग आयुष्यात एकदाही समुद्र न पाहणाऱ्या सॅमनविषयी वाचनात आले. अमेरिकेच्या मेन राज्यातील सेबागो, स्वीडनमधील व्हेनर्न, रशियातील लाडोगा आणि ओनेगा, फिनलंडमधील सायमा या तळ्यांत अटलांटिक सॅमन हजारो वर्षे गोड्या पाण्यातच जन्मत, वाढत आणि विणीला जात आला आहे. त्या दिवशी मी वहीत सॅमनच्या जीवनचक्राचे नेहमीचे वर्तुळ काढले आणि त्यातल्या ‘समुद्र’ या शब्दावर काट मारून पाहिली. वर्तुळ मोडेल अशी माझी अपेक्षा होती. ते जेमतेम हलले.

या माशाला इंग्रजीत ‘लँडलॉक्ड’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘भूवेष्टित’ हा शब्द आहे, जो आपण शाळेत नेपाळ आणि बोलिव्हिया यांच्यासाठी पाठ केला होता. सेबागो तळ्यातील सॅमनची वाणे १९०४ मध्ये अंड्यांच्या रूपाने अर्जेंटिनात, पातागोनियातील तळ्यांत नेण्यात आली, आणि तिथे त्याला ‘साल्मोन एन्सेरादो’ म्हणजे ‘कोंडलेला सॅमन’ हे नाव मिळाले. ही सगळी नावे समुद्रकाठी उभे राहून ठेवल्यासारखी आहेत. बिचारा अडकला, असाच त्यांचा सूर आहे. न्यूफाउंडलंडमध्ये मात्र अशी तळी आहेत जिथून समुद्राकडे जाणारी वाट मोकळी आहे, समुद्रात जाऊन येणारे सॅमनही तिथे येतात, आणि त्यांच्या शेजारीच काही सॅमन पिढ्यान्‌पिढ्या तळे सोडत नाहीत. दार उघडे असताना घरात बसलेल्याला कोंडलेला कसे म्हणावे?

बहुतेक ठिकाणी मात्र दार खरोखरच बंद झाले, आणि ते बंद होण्यामागे हिमयुगाचा शेवट आहे. हजारो फूट जाडीच्या बर्फाच्या ओझ्याखाली उत्तरेकडची जमीन खाली दबलेली होती. बर्फ वितळल्यावर समुद्र आत शिरला आणि त्याच्याबरोबर सॅमनही आला. पुढे ओझे उतरलेली जमीन हळूहळू वर उचलली गेली, खाड्यांची तळी झाली आणि नद्यांवर मासा चढू शकणार नाही असे धबधबे तयार झाले. युरोपातील मोठ्या तळ्यांत हे साधारण नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी घडले. सायमा तळ्यात सॅमनबरोबर सीलही असाच मागे राहिला आणि तो आजही तिथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सेबागोच्या माशाला स्वतंत्र जातीचे नाव देण्यात आले होते, पण आज तो समुद्रात जाणाऱ्या अटलांटिक सॅमनच्याच जातीत, ‘साल्मो सालार’मध्ये मोडतो. एकाच जातीचे दोन संसार आहेत, एवढेच.

या संसाराची सुरुवात खडीत होते, आणि त्या खडीपाशी मला थोडे रेंगाळायचे आहे.

मेनमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत विणीचा हंगाम चालतो. दिवस लहान होतात, पाणी गार होते, आणि तळ्यातले प्रौढ मासे तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांत चढू लागतात. काही जण तळ्यातून बाहेर पडणाऱ्या नदीत खाली उतरतात. नराचा चंदेरी रंग मावळून तो तांबूस-तपकिरी होतो आणि त्याचा खालचा जबडा टोकाशी आकड्यासारखा वर वळतो. मादी जागा निवडते. वाटाण्यापासून मुठीएवढ्या दगडांची स्वच्छ खडी, फार खोल नाही आणि फार संथही नाही असे पाणी, आणि शक्यतो डोहाचा शेवट, जिथे तळ वर उचलला जाऊन पाणी वेग घेऊ लागते. अशा ठिकाणी वाहत्या पाण्यातला काही भाग खडीच्या आत शिरतो आणि खडीतूनच पुढे सरकतो. मादी हे कशावरून ओळखते हे एक नवलच, पण तिची निवड सहसा चुकत नाही, कारण पुढचे पाच-सहा महिने तिच्या पिल्लांना मिळणारा सगळा प्राणवायू याच आतल्या प्रवाहातून येणार असतो.

मग ती कुशीवर वळते आणि शेपटी जोराने वर-खाली आपटते. ती शेपटीने खणते असे म्हणण्याची पद्धत आहे, पण शेपटी दगडांना फारशी लागतच नाही. शेपटी झटक्यात वर गेली की तिच्याखाली ओढ निर्माण होते, त्या ओढीने खडी उचलली जाते आणि प्रवाह तिला थोडे खाली नेऊन टाकतो. बारीक वाळू आणि गाळ त्याहूनही दूर वाहून जातो, म्हणजे खणता खणता खडी धुतलीही जाते. खळगा पुरेसा खोल झाला की मादी त्यात बसते आणि मागच्या पराने तळ चाचपून पाहते. नर शेजारी येऊन अंग थरथरवतो. दोघांचे जबडे एकाच वेळी उघडतात, आणि अंडी व शुक्रद्रव एकाच क्षणी बाहेर पडतात. त्या क्षणाला उशीर चालत नाही, कारण पाण्यात सुटलेल्या शुक्रपेशींची हालचाल एक मिनिटसुद्धा टिकत नाही, आणि पाणी शोषून टणक होऊ लागलेल्या अंड्याचे सूक्ष्म छिद्रही लवकरच बंद होते.

या जोडप्याच्या आसपास आणखी कोणीतरी असतो, ज्याचा उल्लेख रम्य वर्णनांत सहसा गाळला जातो. काही नर पिल्ले तळ्याकडे न जाताच, ओढ्यात बोटभर लांबीची असतानाच वयात येतात. मोठा नर प्रतिस्पर्ध्यांना हाकलण्यात गुंतलेला असताना ही पिल्ले दगडांच्या आडोशाने थेट खळग्यापर्यंत सरकतात आणि नेमक्या क्षणी आपला वाटा उचलून जातात. आकडेदार जबडा, रंग, मारामाऱ्या हा सगळा थाट एकीकडे, आणि हा चिमुकला घुसखोर दुसरीकडे. समुद्रात जाणाऱ्या सॅमनमध्येही ही पिल्ले असतात, म्हणजे तिथेसुद्धा खाऱ्या पाण्याचा थेंबही न चाखता बाप होणारे नर पूर्वीपासून होतेच. तळ्यात राहून गेलेल्या सॅमनने एकदम मोठी उडी मारली असे मला वाटत होते, पण ती वाट त्याच्या कुळात आधीच थोडीशी मळलेली होती.

अंडी पडताच मादी खळग्याच्या थोडे वर सरकते आणि तिथे पुन्हा शेपटी आपटू लागते. तिथली खडी वाहत येऊन आधीची अंडी झाकते आणि त्याच श्रमात पुढचा खळगा तयार होतो. असे कप्प्यामागून कप्पे भरत जातात. मादीच्या दर किलो वजनामागे साधारण दीड हजार अंडी असतात, वाटाण्याएवढी आणि नारिंगी. मासे खाणाऱ्यांना ती गाबोळी म्हणून ओळखीची वाटतील. मादी मात्र ती वीतभर खडीखाली पुरून निघून जाते आणि पुन्हा वळून पाहत नाही.

हिवाळ्यात वर बर्फ असतो आणि खाली अंडी असतात. त्यांचे दिवस पंचांगाने मोजून चालत नाही. रोजच्या पाण्याच्या तापमानाची बेरीज करावी लागते, आणि ती साधारण चारशे ते पाचशे अंशांपर्यंत पोहोचली की अंडे फुटते. पाणी दहा अंशांवर असेल तर दीड महिना पुरेल, एक-दोन अंशांवर असेल तर अख्खा हिवाळा जाईल. निम्म्या वाटेवर अंड्याच्या आत दोन काळे ठिपके दिसू लागतात, ते डोळे असतात. एप्रिलच्या सुमारास पिल्लू बाहेर येते, पण त्याचा आहार त्याच्या पोटालाच लटकलेला असतो, पिवळ्या बलकाची पिशवी. ही शिदोरी संपेपर्यंत ते आणखी काही आठवडे खडीतच राहते. या काळात वरून गाळ आला, कुठे जंगल तोडले गेले, रस्ता खणला गेला आणि त्याची माती ओढ्यात उतरली, तर खडीतल्या फटी बुजतात आणि पिल्ले वर कोणाला कळण्याआधीच गुदमरून मरतात. शिदोरी संपली की ते बहुधा रात्रीच्या अंधारात वर येते आणि पृष्ठभागावर हवेचा एक घोट घेऊन आपला वाताशय भरते. त्यानंतरच त्याला पाण्यात तोल सापडतो.

ओढ्यातले पुढचे एक ते तीन-चार हिवाळे भांडणात जातात. अंगावर बोटे उमटल्यासारखे काळसर पट्टे आणि मधे तांबडे ठिपके असलेले हे पिल्लू, त्याला ‘पार’ म्हणतात, एका दगडामागची जागा धरून प्रवाहाकडे तोंड करून उभे राहते, वाहत येणाऱ्या किड्यांच्या अळ्या टिपते आणि शेजाऱ्याला हुसकावते. या काळाविषयी अधिक सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण मला घाई आहे ती पुढच्या वसंताची.

दिवस मोठे होऊ लागले की या भांडखोर पिल्लात काहीतरी फिरते. त्वचेत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे स्फटिक साठून पट्टे झाकले जातात आणि अंग चांदीसारखे होते. शरीर सडपातळ होते. आयुष्यभर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहिलेले पिल्लू आता प्रवाहाबरोबर निघते, आणि शेजाऱ्यांशी भांडणे सोडून त्यांच्या थव्यात सामील होते. या अवस्थेचे नाव ‘स्मोल्ट’. समुद्रात जाणाऱ्या सॅमनमध्ये याच वेळी कल्ल्यांतली मीठ बाहेर फेकणारी यंत्रणा जोरात कामाला लागते. सगळी तयारी खाऱ्या पाण्याची असते. आणि ज्याला समुद्रात जायचेच नाही तो तळ्याचा सॅमनही चंदेरी होतो! काही तळ्यांतील माशांमध्ये कल्ल्यांची तयारी आता बरीच मंदावलेली आढळली आहे, पण रंग आणि प्रवास टिकून आहेत. चांदी समुद्रासाठीच हवी असे नाही, हे नंतर माझ्या ध्यानात आले. मोकळ्या, उजेडाच्या पाण्यात पट्टे उपयोगाचे नसतात आणि चकाकते अंग लपायला मदत करते, मग ते पाणी खारे असो की गोडे. हजारो वर्षांत निसर्गाने जिथे खर्च वाचवता आला तिथे वाचवला आणि जे तळ्यातही उपयोगी होते ते ठेवले.

तळे म्हणजे त्याचा समुद्र. मेनच्या तळ्यांत त्याचे मुख्य अन्न म्हणजे रेनबो स्मेल्ट हा लहान मासा. तो मूळचा समुद्रकाठचा असून त्याचेही तळ्यातच राहणारे कळप झाले आहेत. स्मेल्ट भरपूर असले की सॅमन झपाट्याने वाढतो, आणि तळ्यात सॅमनच जास्त झाले की स्मेल्ट संपतात व सॅमन लांबट, हडकुळे होतात. माणसे हौसेने अधिक पिल्ले सोडतात तेव्हा नेमके असे घडते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो खोल, गार थरात उतरतो. समुद्रातल्या भावंडांच्या मानाने तो लहानच राहतो, बहुधा एक-दीड किलोच्या आत, पण १ ऑगस्ट १९०७ रोजी सेबागोत साडेबावीस पौंडांचा, म्हणजे दहा किलोंहून जड सॅमन गळाला लागल्याची नोंद आहे.

तळ्यातले अन्न खडीपर्यंत पोहोचते याचा एक विलक्षण पुरावा न्यूयॉर्क राज्यातील कायुगा तळ्याने दिला. तिथल्या सॅमनची पिल्ले बलक संपता संपता मरत असत. कारण शोधता शोधता १९९० च्या दशकात निष्पन्न झाले की मोठे मासे ‘एलवाइफ’ नावाचा मासा खातात, त्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, आणि म्हणून आईच्या अंड्यातच ते जीवनसत्त्व कमी पडते. त्या जीवनसत्त्वाच्या द्रावणात बुडवलेली पिल्ले जगली. आईने तळ्यात काय खाल्ले याचा हिशेब ओढ्यातल्या खडीत असा चुकता होतो.

परतीच्या वाटेचे कोडे गोड्या पाण्यानेच सोडवले, हे मला विशेष आवडते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅसलर बालपणीच्या डोंगरात फिरत होते, तिथल्या वासाने जुन्या आठवणी एकाएकी जाग्या झाल्या, आणि सॅमनलाही आपला ओढा वासानेच आठवत असेल असे त्यांच्या मनात आले. १९७० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोहो सॅमनच्या पिल्लांना स्मोल्ट होण्याच्या वयात एका अनोळखी रसायनाचा वास दिला, त्यांना मिशिगन सरोवरात सोडले, आणि पुढे एका ओढ्यात तेच रसायन थेंब थेंब मिसळले. मासे त्या ओढ्यात आले. म्हणजे घराच्या वासाची ही प्रसिद्ध सिद्धता झाली तेव्हा त्या सॅमनचा समुद्र एक सरोवरच होते.

विणीनंतर अटलांटिक सॅमन मरतोच असे नाही. थकलेला, खंगलेला मासा पुन्हा तळ्यात उतरतो, खातो, भरतो, आणि एक-दोन वर्षांनी परत चढतो. त्याच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. विणीच्या उपवासात शरीर खवल्याची कडच शोषून घेते, आणि पुढच्या वाढीत तिथे ओरखड्यासारखी एक खूण उरते. अशा खवल्याचे मोठे केलेले छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. ओढ्यातल्या दाट वर्षांनंतर तळ्यातली ऐसपैस वर्षे, आणि त्यांच्यामध्ये तो ओरखडा.

पॅसिफिकच्या बाजूला मात्र ही सवलत नाही. सॉकआय सॅमनचे तळ्यात राहणारे रूप म्हणजे कोकानी, आणि तो तीन-चार वर्षांत एकदाच विणीला जाऊन मरतो. समुद्र सोडला तरी मरण सोडता आले नाही. त्याचा रंगही त्याने सोडला नाही, आणि त्यासाठी त्याला किंमत मोजावी लागली. विणीच्या वेळी सॉकआय लालभडक होतो तो आहारातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे. तळ्यात ही द्रव्ये फार थोडी असतात. समुद्रात जाणाऱ्या सॉकआयची पिल्ले गोड्या पाण्यातच वाढवली तर ती विणीला लाल न होता हिरवट होतात. कोकानी मात्र त्याच तुटपुंज्या आहारावर लाल होतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून त्याचे शरीर रंगद्रव्याचा कण न्‌ कण राखायला शिकले आहे. जोडीदाराला लालच हवा असतो, मग तळ्याची ऐपत असो वा नसो.

वहीतल्या वर्तुळात मी मग आणखी काटछाट करून पाहू लागलो, आणि प्रत्येक काटेला एकेक मासा हजर होत गेला. गुलाबी सॅमन हा समुद्राला सर्वांत बांधलेला. त्याची पिल्ले खडीतून निघतात ती जवळजवळ थेट खाऱ्या पाण्याकडे. हडसन उपसागरासाठी वाढवलेल्या त्याच्या पिल्लांपैकी उरलेली सुमारे २१,००० पिल्ले १९५६ मध्ये सुपीरिअर सरोवरात जाऊन पडली. तो कोणताही प्रयोग नव्हता, निव्वळ निष्काळजीपणा होता. १९५९ मध्ये त्यांची संतती सापडली, आणि १९७९ पर्यंत ती पाचही महासरोवरांत पोहोचली होती. समुद्र एका झटक्यात वजा झाला. नॉर्वेच्या नामसेन नदीत, धबधब्यांच्या वर, वीतभरच वाढणारा अटलांटिक सॅमन आहे. तो ना समुद्रात जातो, ना तळ्यात. सगळे आयुष्य नदीतच काढतो. म्हणजे तळेही वजा झाले.

खडी वजा केल्यावर काय होते ते सायमाने दाखवले. समुद्रापासून तुटून इतकी सहस्रके तग धरलेल्या या सॅमनच्या विणीच्या नद्या विसाव्या शतकात जलविद्युत प्रकल्पांच्या धरणांनी अडवल्या आणि बुडवल्या. वेगाने वाहणाऱ्या उथळ धारांचे संथ जलाशय झाले, आणि त्या जातकुळीची नैसर्गिक वीण जवळजवळ थांबली. तेव्हापासून ती मत्स्यबीज केंद्रांच्या आधाराने जिवंत ठेवलेली आहे. तळे जागेवर आहे, त्यात अन्नही आहे.

आता एकच काट बाकी राहिली होती, नदीची. त्यासाठी जपानचा कुनिमासू समोर आला. तो सॉकआयच्या कुळातला काळसर मासा असून तो जपानमधील सर्वांत खोल, ४२३ मीटर खोलीच्या ताझावा तळ्यातच होता. १९४० मध्ये वीजनिर्मितीसाठी जवळच्या नदीचे आम्लधर्मी पाणी तळ्यात वळवण्यात आले आणि कुनिमासू नामशेष झाला. सत्तर वर्षांनी, २०१० मध्ये, क्योतो विद्यापीठाच्या तेत्सुजी नाकाबो यांच्याकडे फुजी पर्वताजवळच्या साइको तळ्यातले काही काळे मासे आले. १९३५ मध्ये कुनिमासूची सुमारे एक लाख अंडी त्या तळ्यात पाठवली गेली होती. तिथले मच्छीमार इतकी वर्षे तो मासा पकडत होते आणि त्याला ‘काळा मासू’ म्हणत होते. हा कोणी हरवलेला मासा आहे हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

कुनिमासू विणीसाठी कोणत्याही ओढ्यात चढत नाही. ऐन हिवाळ्यात तो तळ्याच्या आतच सुमारे तीस मीटर खोल उतरतो, जिथे उजेड अंधुक असतो आणि पाणी चार-पाच अंशांवर असते. तिथे तळाच्या एका भागात गाळ साचलेला नाही, आणि तेवढ्या जागेत खडी आहे.